एका रांजणाच्या खापऱ्या

पूर्वी पश्चिम समुद्राकाठी यवनांच्या थिम्ना नगरात मेलान्थ राजाचा अंमल होता. त्या काळी बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता आणि लोक त्याला अर्केस म्हणत.

मेलान्थाने गादी मिळवली ती आपल्याच धन्याला हुसकून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तशी त्याची गत झाली. दोघं कुजबुजताना दिसले की हा त्यांना वेगवेगळं गाठून विचारी, काय बोलत होता! जेवण आधी स्वयंपाक्याला खायला लावायचं आणि त्याचं तोंड न्याहाळत बसायचं. तोवर कालवण पार गारढोण. त्यात सेनापती क्रेतोन रोज कान भरी, "महाराज, धाकट्या बंधूंवर नजर असू द्या." धाकट्या एव्हेनाचा शेजारच्या बेटावर स्वारी करायला विरोध होता आणि क्रेतोनाला तर लढाईच हवी होती.

त्या नगरात एक जुनी रीत होती. वर्षातून एकदा प्रत्येक नागरिकाने घरच्या फुटक्या मडक्याची एक खापरी घ्यायची, ज्याच्यापासून राज्याला धोका वाटतो त्याचं नाव तिच्यावर कोरायचं आणि ती चौकात टाकायची. ज्याच्या नावाच्या खापऱ्या सर्वांत जास्त, त्याने दहा वर्षं देशाबाहेर राहायचं. निकाल सांगायचा मान गावातल्या वयोवृद्ध कुंभाराचा, म्हणून त्या वर्षी अर्केस ढिगापाशी बसला.

एव्हेनाच्या नावाचा ढीग सर्वांत मोठा निघाला. मेलान्थाला आधी बरं वाटलं, आपला संशय खरा ठरला म्हणून. मग त्याला आठवलं, एकाच आईचं दूध प्यायलेला भाऊ! एव्हेन समोर पांढराफटक पडून उभा होता. "दादा, मी काय केलं रे?" एवढंच तो म्हणाला. राजाने तोंड फिरवलं.

पण म्हातारा काही निकाल सांगेना. तो एकेक खापरी उचलून तिच्या कडेवरून अंगठा फिरवीत होता.

"महाराज, घरोघरच्या खापऱ्या कशा, एखादी काजळलेली, एखादी तेलकट, एखादी झिजलेली असते. ह्या शंभरावर खापऱ्यांच्या कडा कोऱ्या, ताज्या फुटीच्या आहेत. जरा थांबा."

त्याने वाळूचा ढीग करवून घेतला आणि त्याच्याभोवती खापरीला खापरी जुळवू लागला. राजाच्या मनात पाल चुकचुकली. हा वेळ काढतोय. एव्हेनाने ह्याला फितवलंय, दुसरं काय! त्याने कुंभाराच्या मागे दोन शिपाई उभे केले, आणि मग त्या दोघांवर नजर ठेवायला तिसरा.

ऊन कललं तेव्हा वाळूभोवती एक रांजण उभा राहिला होता. तोंड, गळा, पोट, सगळं जागच्या जागी.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" अर्केस म्हणाला. "शंभर घरांत एकच रांजण कसा फुटेल, महाराज? कुणीतरी तो आपल्या घरात फोडला, सगळ्या तुकड्यांवर एकच नाव कोरलं आणि ते आपल्या माणसांना वाटून दिले. तुमच्या भावावर गावाचा रोष नाही."

राजा ताडकन उठला. "कुणाचा आहे हा?"

"मीच घडवलाय. घरही ठाऊक आहे. पण सांगणार नाही."

"का?"

"खोट्या खापऱ्या टाकणाऱ्याचं अख्खं घर, लेकराबाळांसकट, गुलामांच्या बाजारात उभं करायचं, हा तुमचाच कायदा. तुमचे बंधू सुटले, माझं काम झालं. लेकरांना मी विकायला लावणार नाही."

"नाव सांग. त्याचे द्राक्षमळे, वाडा, सगळं तुझं."

"मला माझं चाक पुरे आहे."

"म्हणजे तूही त्यांच्यातलाच!" मेलान्थ कडाडला. "मग दहा वर्षं तूच जा. आत्ताच्या आत्ता चालता हो!"

सत्तरीच्या माणसाने दहा वर्षांसाठी जायचं म्हणजे परत येणं नाहीच. अर्केसाने हातांची माती झटकली, राजाला नमस्कार केला आणि बंदराची वाट धरली. वाटेत क्रेतोन उभा होता. म्हातारा त्याच्या समोरून गेला, पण बोट दाखवणं सोडाच, म्हाताऱ्याने मान वर करून सेनापतीकडे पाहिलंसुद्धा नाही. सेनापतीला ते सोसवलं नाही.

"थांबवा त्याला!" तो ओरडला. "रांजण माझ्या घरचा आहे."

राजाने तलवार उपसली. अर्केस मागे वळला आणि दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"महाराज, आज तुमच्यासमोर एक माणूस आपणहून खरं बोलला. त्याला मारलंत तर उद्यापासून कोण बोलेल? जन्मभर तुम्हाला नुसते तर्क करीत बसावं लागेल."

राजाने क्रेतोनाकडे पाहिलं, मग कुंभाराकडे. आणि तलवार म्यान केली. दहा वर्षांच्या हद्दपारीसाठी क्रेतोन एकटाच गलबतावर चढला. त्याच्या घराला कुणी हात लावला नाही आणि कुंभार आपल्या घरी राहिला.

"एव्हेना, इकडे ये," राजा म्हणाला.

एव्हेन पुढे आला. पण जवळ येताना त्याने सवयीने दोन्ही तळहात उघडून दाखवले, आपल्याजवळ शस्त्र नाही म्हणून. ते पाहून मेलान्थ भर चौकात ढसाढसा रडला.

पावसाळ्याच्या वर्षावासात एकमेकांवर संशय घेऊन अबोला धरलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मेलान्थ म्हणजे तुमच्यातला हा भद्दक. कान भरणारा क्रेतोन तो कुंडल, आळ आलेला एव्हेन तो नंदिक, आणि कुंभार मीच होतो. अपराध्याच्या लेकरांचीही कणव वाटणं, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."