ठेंगीचा दागिना

फार मागे, माळावरच्या भुईमुगात पिवळ्या नक्षीची टूम निघाली. मावा किडा पानोपानी टोचून नक्षी काढत सुटला आणि वेल "मला आधी, मला आधी!" म्हणून ओरडू लागले. कडेच्या ठेंगी नावाच्या बुटक्या वेलीलाही नक्षी हवी होती, पण मध्येच ज्वारीआत्या उभी!

"माव्या, आधी माझ्या पानाला तोंड पूस, मग पुढे हो," आत्या दरडावली. त्याने तोंड पुसलं आणि नक्षीचा रंगच पुसला गेला. ठेंगी हिरवीगार राहिली. ती आत्यावर जाम रुसली.

काढणीला बायका आल्या. नक्षीवाल्या वेलांना दोन-दोन पोचट शेंगा निघाल्या. मग ठेंगीला उपटलं, तशी भागाबाई ओरडली, "अगं बया! हिच्या पायांतली घुंगरं बघा गं!"