परत पाठवलेलं पिठलं

"तुमी सांगितलं तर ती खाईल. सांगणार का न्हाई, तेवढं बोला."

गिरजाबाई मठाच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरी.

सोमगिरी बुवा ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी केली. "बाई, खाली उभ्या राहा. सुतक आहे तुम्हाला."

मठात मी तेव्हा नवा होतो. बावीस वर्षं तलाठ्याची नोकरी करून मोक्षासाठी आलो होतो. नोकरी सुटली, पण नियमावर बोट ठेवायची खोड काही सुटली नव्हती.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आणखी एक पायरी वर चढली.

"आता?" म्हणाली.

मी दोन पावलं मागे सरकलो.

चार दिवसांपूर्वी तिचा मुलगा उत्तम गेला होता. सव्वीस वर्षांचा. विहिरीचं काम करताना वरून दरड कोसळली. गिरजाबाई रडली नाही, असं गावात जो तो म्हणत होता. आणि जिच्यासाठी ती आज भांडायला आली होती ती रंगू, तिची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, भिंतीला भिंत लागून संसार केले. रंगू दोन महिने मुदतीच्या तापानं अंथरुणावर होती. ताप उतरला, पुन्हा उलटला. त्या दोन महिन्यांत तिच्या तोंडात पेजेचा घास घातला तो गिरजाबाईनंच.

"कदीपासनं जेवली न्हाई?" बुवांनी विचारलं.

"चार दिस झालं. नुसतं पाणी आन औषध. सुनंनं चमचा लावला तर दात आवळती. म्या पेज न्येली, तर भिंतीकडं त्वांड केलं."

"तुज्याकडनंबी खाल्लं न्हाई?"

"न्हाई."

"त्याआदी काय झालं व्हतं?"

गिरजाबाईनं भाकरीचं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"पिठलं घिऊन आली व्हती," ती म्हणाली.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. जवळची माणसं पिठलं-भाकरी करून आणतात, समोर बसतात आणि एक तरी घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात.

"माती करून माणसं आली," गिरजाबाई सांगू लागली. "बगती तर दारात रंगी. भिताड धरून धरून आलीया. अंग तव्यावानी तापलेलं, आन हातात ताट. सवता केलं म्हनली. सुनंला चुलीम्होरनं उठिवलं म्हनली."

"मग?"

"मग काय? म्हनलं, तुला मरायचं हाय का? जा, नीज. ताट तिच्या हातात परत दिलं. आन म्या माजी चूल पेटवली."

हे मला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. घरातून पोराची तिरडी उठली त्याच संध्याकाळी तिनं चूल पेटवली होती आणि त्या चुलीवर पेज शिजवून ती रंगूकडे घेऊन गेली होती. त्यावर मठात सगळ्यात जास्त तोंड मीच वाजवलं होतं.

"पेटवलीस?" बुवा म्हणाले.

"व्हय, पेटवली! का नगं?" तिनं गाभाऱ्याकडे हात केला. "त्येनं माजं लेकरू न्येलं. आता माजी चूलबी त्येच्या हुकमानं बंद ठिवू? त्येला म्हनावं, काय करतोस ते कर. आता माज्यापाशी न्यायजोगं हायच काय?"

गाभाऱ्यातली समई जळत होती. मला वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही.

बुवा वाती वळत राहिले.

गिरजाबाई ओसरीपर्यंत आली. गाठोडं तिनं त्यांच्यापुढं आपटलं.

"दर सोमवारी आणती तशा आजबी आणल्यात. सुतकातल्या हायत. त्याच चुलीवरच्या. खाताय का?"

...

बुवा कधी काय करतील याचा नेम नसायचा. ते खाणार, आणि मग मठाची शुद्धी मला करावी लागणार, हे मी धरूनच चाललो.

बुवांनी फडकं सोडलं. भाकरी पाहिली. आणि गाठोडं तिच्याकडे सरकवलं.

"मी खानार न्हाई," ते म्हणाले.

गिरजाबाई हसली. फार वाईट हसली.

"बगितलं? तुमीबी तसलंच."

माझी मात्र छाती फुगली. "नियम म्हणजे नियम, बाई," मी म्हणालो.

"मार्तंडा, गप," बुवा म्हणाले. "सुतकाचं न्हाई ते."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हात लांब करून तिच्या तोंडापुढं धरला.

"खा."

"माजीच भाकरी मलाच घालताय व्हय?"

"खा."

तिनं ओठ मिटले.

बुवांच्या हाताला कंप होता. पाण्याचा तांब्यासुद्धा ते दोन्ही हातांनी धरत. आता तो हात एकटाच पुढे आला होता, आणि तुकडा थरथरत होता.

...

"हात खाली घ्या," गिरजाबाई म्हणाली. "दुखंल."

हात खाली आला नाही.

"घ्या म्हनती ना! म्हातारपनी कशापायी असं करताय?"

बुवांच्या कपाळावर घाम आला होता. मी हात धरायला पुढे झालो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला मागे सारलं.

"मला कीव नगं, बुवा," ती म्हणाली. आता आवाज चढला होता. "समद्या गावानं ताटं आणली. एकाचंबी घेतलं न्हाई. सरपंचाच्या घरचं आलं, त्येबी परत केलं. पोरगं ग्येलं म्हनून मी लोकांची कीव खात बसू? कीव खाऊन मी न्हाई जगायची!"

"रंगीबी न्हाई," बुवा म्हणाले.

...

बुवांनी तुकडा फडक्यावर ठेवला आणि दुखरा हात मांडीवर घेतला.

गिरजाबाई पायरीवर बसली. मठात ती दर सोमवारी येत होती, पण तिला बसलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

"म्या तिची कीव केली व्हय?" ती म्हणाली. आम्हाला विचारत होती की स्वतःला, कळलं नाही. "दोन महिनं तिचं समदं केलं. उचलून बसीवलं, येनी घातली. चादरी धुतल्या. त्यात कीव कुठनं आली? ती माजी..."

पुढचा शब्द तिला सापडेना.

बुवांनी वातींचा कापूस जवळ ओढला.

खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटला. इतका ताप अंगात असताना माझ्यासाठी भिंत धरून कुणी चार पावलं टाकेल, असं एकही माणूस मी आयुष्यात जोडलं नव्हतं. माझ्या दारात कुणी ताट घेऊन आलंच असतं, तर मी आधी सोवळ्याची चौकशी केली असती.

"मग म्या काय करू?" गिरजाबाईनं शेवटी विचारलं.

"रंगीच्या दारात जा. म्हन, भूक लागलीया."

"मला?"

"चार दिस तूबी कुठं जेवलीयास?"

गिरजाबाईनं मान फिरवली. हे मात्र गावात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिची चूल पेटते, एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

"तिच्या अंगात जीव न्हाई, बुवा. उठून चुलीम्होरं बसली तर मरंल."

"आन न्हाई उठली तर?"

...

गिरजाबाई उठली. नमस्कार केला नाही. भाकरी तिथंच राहू दिल्या. माझ्या अंगावरून गेली, तिचा पदर मला लागला, आणि विटाळ झाला हे मला नंतर कितीतरी वेळानं आठवलं.

पायऱ्यांखालून वाट गावात जाते आणि पिंपळापाशी फुटते. उजवीकडे विहिरीचा रस्ता, डावीकडे त्या दोघींची घरं. मी ओसरीच्या कडेला येऊन पाहत राहिलो. ती डावीकडे वळली. दहा-बारा पावलं गेली असेल, आणि थांबली.

मग वळून तिथूनच ओरडली.

"आन त्यो घास गिळला म्हंजी उत्तम ग्येलाच की वो, बुवा! आज चार दिस मी त्येला जाऊ दिला न्हाई! म्या न्हाई गिळायची!"

आता ती रडत होती. उभ्या गावाला ऐकू जाईल अशी रडत होती, आणि डोळ्याला पदर लावत नव्हती.

बुवांचा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते खांब धरून उठले. ओसरीच्या कडेला आले आणि सगळा जीव गोळा करून ओरडले,

"गिळू नगंस! दात हायत न्हवं तुला? चावून खा!"