वाळूच्या बेटावरचा बाजार

फार पूर्वी चित्रा नदीच्या काठी शाल्मलीनगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील व्यापाऱ्यांचा प्रमुख होता. त्याचे नाव पुण्यक श्रेष्ठी. राजाची नौका सोडली तर नदीवरच्या साऱ्या होड्या त्याच्या होत्या, आणि पलीकडच्या तीरावरच्या वेत्रग्रामाशी सारा व्यापार या होड्यांतून चाले. तिकडून कापड येई, इकडून धान्य जाई. शरद ऋतूत शाल्मलीनगरात मोठी जत्रा भरे, आणि तिच्या मिळकतीवर नगरातली पुष्कळ घरे वर्षभर जगत.

एका वर्षी जत्रा तोंडावर आली असताना वेत्रग्रामात तापाची साथ पसरली. माणसाचा गळा सुजे, अंग भाजू लागे आणि पाहता पाहता तो जाई. पुण्यक स्वतः होडीत बसून पलीकडच्या घाटाजवळ गेला. त्याने काठावर पाऊल ठेवले नाही. लांबूनच लोकांना हाका मारून विचारपूस केली. परत येताच त्याने आपल्या सगळ्या होड्या वाळूवर ओढून घेतल्या.

शंबर नावाचा अमात्य राजाला म्हणाला, "महाराज, जत्रा बुडाली तर कर बुडेल. चार माणसे तापाने मेली म्हणून नगराने उपाशी मरायचे काय?"

राजाने पुण्यकाला बोलावून आज्ञा केली, "उद्या होड्या सोड."

"सोडणार नाही, महाराज," पुण्यक म्हणाला. "जत्रेला माणसे येतील, त्यांच्याबरोबर तापही येईल."

"मग माझे सैनिक सोडतील!"

पुण्यक नमस्कार करून थेट नदीवर गेला. सुतारांना बोलावून त्याने आपल्याच होड्यांच्या तळाच्या फळ्या उचकटून काढल्या. सैनिक आले तेव्हा एकही होडी पाण्यात घालण्याजोगी उरली नव्हती. व्यापाऱ्यांनी त्याच्या दारात येऊन शिव्या दिल्या. त्याने त्या शांतपणे ऐकून घेतल्या.

राजाची स्वतःची नौका मात्र शाबूत होती. शंबराने आपला एक अधिकारी तिच्यातून कर आणायला पलीकडे धाडला. तो कर घेऊन आला आणि तापही घेऊन आला. राजवाड्याच्या आवारातच तो मेला.

आता राजा घाबरला. त्याने वेशी बंद केल्या, बाजार उठवला आणि घराबाहेर दिसेल त्याला फटके मारण्याची दवंडी पिटवली. घाटावर ओझी वाहणाऱ्यांच्या आळीत दोघे आजारी पडले, तेव्हा शंबराने आळीतल्या सगळ्याच घरांची दारे बाहेरून खिळे ठोकून बंद करवली. मग तो पुण्यकाला म्हणाला, "तुझेच खरे निघाले, श्रेष्ठी. आता तुझ्या मनासारखे झाले ना?"

पुण्यक त्या आळीत गेला. सामा नावाची एक विधवा ओझेकरीण खिडकीच्या गजांआडून त्याच्याकडे पाहत होती.

"तापाची भीती कोणाला घालता?" ती म्हणाली. "ताप येईल तेव्हा येईल. तुमच्या होड्या थांबल्या तेव्हापासून आमची चूल विझली आहे. तुमचे कोठार भरलेले आहे, म्हणून तुम्हाला थांबणे परवडते."

ताप पुण्यकाने ओळखला होता, पण ही चूल त्याला दिसली नव्हती. मग एक पहार मागवून त्याने सामाच्या दाराचे खिळे स्वतःच्या हाताने उपटले, मग शेजारच्या दाराचे, मग त्याच्या पुढच्याचे. पहाऱ्यावरचे सैनिक त्याला धरून राजाकडे घेऊन गेले. सामाही मागोमाग आली आणि लांब अंगणात उभी राहिली.

"होड्या सोड म्हटले तर सोडल्या नाहीस," राजा कडाडला. "दारे बंद केली तर उघडलीस. तुला हवे तरी काय?"

"माणसे जगायला हवीत, महाराज. तापाने मरू नयेत आणि भुकेनेही मरू नयेत. आजारी असेल त्याने घरातच राहावे. त्याचे अन्न माझ्या कोठारातून त्याच्या उंबऱ्यावर पोहोचेल. धडधाकट असेल त्याला काम द्यावे. नदीच्या मधोमध वाळूचे बेट आहे. पलीकडच्यांनी कापड तिथे ठेवून निघून जावे. ते उन्हात तापले की आमच्यांनी उचलावे आणि धान्य ठेवून यावे. माल नदी ओलांडील, माणूस ओलांडणार नाही."

"आणि मी नाही म्हटले तर? तुझे डोके उडवले तर?"

"उडवा. पण त्याआधी हे होऊ द्या." पुण्यकाने कमरेच्या किल्ल्या काढून सामाकडे फेकल्या. "कोठार उघड, बाई. कोणाला विचारत बसू नकोस."

"धरा तिला!" शंबर ओरडला. सैनिक जागचे हलले नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आया-बहिणी त्याच आळीत राहत होत्या. राजाने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"जा, बाई," तो म्हणाला.

होड्यांना पुन्हा फळ्या बसल्या आणि बेटावरचा बाजार सुरू झाला. ताप लगेच हटला नाही. काही माणसे गेलीच, सामाचा भाऊही गेला. पण आळीतल्या चुली पेटल्या आणि थंडी सरता सरता ताप ओसरला. पुण्यकाच्या कोठाराचा तळ दिसू लागला होता.

तेव्हा शंबर भर सभेत म्हणाला, "पाहा, म्हणावी तेवढी माणसे मेलीच नाहीत. उगाच जत्रा बुडवली!" दुसरा कोणी म्हणाला, "दारे उघडली नसती तर आणखी वाचली असती."

पुण्यक उठून उभा राहिला. "पुन्हा ताप आला तर पुन्हा होड्या ओढीन," तो म्हणाला, "आणि पुन्हा खिळे उपटीन. तेव्हाही दोघांनी मला असेच बोल लावा."

शास्त्याने, म्हणजे भिक्षूंना धर्म शिकवणाऱ्या गुरूने, ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगितली. शेजारच्या गावात ताप असताना काही भिक्षू नेहमीसारखे घरोघर भिक्षेला जाऊ म्हणत होते, तर काही विहाराचे दार भुकेल्यांनाही बंद करू पाहत होते. शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा शंबर म्हणजे आज गावात शिरण्याचा हट्ट धरणारा उत्तिय. तेव्हाचा राजा म्हणजे दाराला अडसर घालणारा कोंडक. सामा म्हणजे आज सकाळी दाराशी आलेल्या भुकेल्यांसाठी पेज घेऊन येऊन या दोघांनाही खडसावणारी उपासिका. आणि पुण्यक श्रेष्ठी मीच होतो. भयापुढे आणि लोभापुढे सारखेच ताठ उभे राहणे, हे वीर्य, म्हणजे न डगमगणारे धैर्य. त्या जन्मी मी ते आचरले. ते तुम्हीही आचरा."