भंगाराच्या भावात कार्बुरेटर

उल्काचा पाय एका जागी ठरेना. दुपारी कोल्हापुरात जुन्या मोटारसायकलींची शर्यत होती, आणि वडिलांच्या दोन सिलिंडरच्या ब्रिटिश गाडीसाठी तिच्याकडे एकेका सिलिंडरला पेट्रोल पुरवणाऱ्या शर्यतीच्या कार्बुरेटरांच्या जोडीतला डावाच होता. उजवा होता जुन्या गाड्यांचे शौकीन रणधीररावांकडे, आणि त्यांचा डोळा हिच्या डाव्यावर!

रावांनी तो चारचौघांत उलटासुलटा करून नाक मुरडलं. "पोरी, जोडी नसली की हा निव्वळ भंगार. किलोवर देत असशील तर घेतो."

"म्हणजे एकट्या कार्बुरेटरला भाव भंगाराचाच?"

"अलबत! विचार कुणालाही."

"मग रावसाहेब, तुमचाही एकटाच आहे की. त्याच भावानं मी घेते. वजनकाटा मागवू?"

हशा पिकला. रावांना शब्द फिरवता येईना.

दुपारी उल्काची गाडी दोन्ही सिलिंडरांनी गरजली.