हिरडटोल्याचा साहेब-दगड

विषय : मौजे हिरडटोला येथील दंडारीच्या चौथऱ्यावरील बसका दगड जागेवरून न हलवण्याबाबत.

वरील विषयाच्या संदर्भात पाहुण्यांना आधी दगडच दाखवला जातो. गुडघाभर उंच, बसून बसून गुळगुळीत झालेला. दंडार म्हणजे झाडीपट्टीतले नाचगाण्याचे नाटक. ती उभी राहण्याआधी गावातल्या सोळा वर्षांच्या प्रत्येक पोराला आणि पोरीला या दगडावर साहेब होऊन बसावे लागते. त्याची हकीकत अशी सांगतात.

मालगुजारीच्या काळी तलावाचे पाणी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, उसाला जाई आणि लोकांचे धान उभ्या उभ्या वाळे. दरवर्षी तहसीलचा साहेब आमराईत तंबू ठोकून गाऱ्हाणी ऐके. गावातर्फे कवडू पुढे होई, शेजारी बसलेल्या मालगुजाराकडे बघे आणि म्हणे, "सारं बेस हाय, मायबाप." कारकून लिही, 'तक्रार नाही.' सात वर्षे हेच दोन शब्द, सुवाच्य अक्षरात.

कवडूची लेक भागरता तेव्हा सोळाची. बापाचे ते वाक्य ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड होई. त्याहून जास्त राग येई तो स्वतःचा, कारण तंबूसमोर तिचीही जीभ टाळूला चिकटे.

त्या वर्षी दंडारीचा उस्ताद डोमाजी याने राजाराणी बाजूला ठेवून तंबूचेच सोंग बसवायला घेतले. साहेब व्हायला एकही पोरगा तयार होईना.

"खोट्या सायबालेही भेता का रे?" डोमाजीने विचारले.

"मालगुजाराले समजलं म्हंजे?"

"मले बसू दे," भागरता म्हणाली.

"पोरीची जात दंडारीत?" कोणीतरी कुजबुजले.

"सायबाले तरी कुठं मिशा हायेत? बस वं माय," डोमाजी म्हणाला.

ती चौथऱ्यावरच्या दगडावर बसली. पाय लांब केले, जांभई दिली आणि म्हणाली, "लेखी अर्ज द्या. चौकशी करू. पुढच्या दौऱ्यात बघू." साहेबाकडे चौथे वाक्यच नाही, हे तिला दगडावर बसल्यावर कळले. समोरचा चाचरला की साहेबाला किती बरे वाटते, हेही कळले. महिनाभर रोज दुपारी पोरे आळीपाळीने दगडावर बसली आणि आळीपाळीने समोर उभी राहिली. जो अडखळे त्याला डोमाजी पुन्हा उभे करी.

मग आमराईत खरा तंबू लागला. कवडूने हात जोडले, "सारं..."

"सारं बेस नाही," भागरता पुढे झाली. "धान वाळून राह्यलं. तलावाचं पाणी आमाले पायजे."

"लेखी अर्ज..."

"हा घ्या. उस्तादानं लिवला."

"चौकशी..."

"तलाव अर्ध्या कोसावर हाय. चाला, आताच करू."

"पुढच्या दौऱ्यात..."

"तवरी धान राहीन का, सायेब?"

मागून एक पोरगा हसला, मग सगळीच हसली. साहेबाने कारकुनाकडे पाहिले. त्याच्याकडेही पुढचे वाक्य नव्हते. साहेब उठला, तलावावर गेला आणि संध्याकाळी पाणी सुटले, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी मालगुजाराच्या माणसांनी डोमाजीची ढोलकी फोडली आणि त्याला गावाबाहेर हाकलले. साहेब तेव्हा पुढच्या मुक्कामी गेला होता. शिवेवर डोमाजीने म्हणे आण घातली, पोरे साहेब होऊन बसल्याशिवाय दंडार उभी करायची नाही. पुढच्या वर्षी दगडावर भागरता बसली. समोर गाऱ्हाणे घेऊन पहिला आला कवडू. तीनदा अडखळला. लेकीने तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा पूर्ण बोलला, आणि मग खाली बसून रडला.

आजही पोरे बसतात. दगडात देव आहे, असे काही जण सांगतात. देव असता तर सात वर्षे थांबला नसता.

आता रस्तारुंदीत चौथरा जातो आहे. यंदा बसलेल्या अकरा मुलामुलींनी अर्ज लिहिला आणि कार्यालयात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवला. सदर दगडामुळे युवकांचा विकास होतो, असा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा, असे उत्तर आले. तो दाखला कोणता अधिकारी देतो, असे मुलांनी तिथेच विचारले. कोणाला सांगता आले नाही.

अर्ज प्रलंबित आहे.