पहिल्या घासाचा पगार

भिवराला मुख्याचं काम मिळालं, पण मुख्याचा पगार काही मिळाला नाही! राजवाड्याच्या मुदपाकखान्याचे मुख्य शिरपतबाबा काशीला गेले आणि जाताना किल्ल्यांचा जुडगा आपल्या मदतनिसाच्या, म्हणजे भिवराच्या, हातात देऊन गेले. तेव्हापासून बाईला टेकायला फुरसत नाही. कोठीतून तूप काढून द्यायचं, आचाऱ्यांची भांडणं सोडवायची, महाराजांच्या ताटातला पहिला घास खाऊन जेवणात विष नाही याची खात्री द्यायची, सगळं तिच्याच डोक्यावर! घरी जुळी पोरं. त्यांना सांभाळायला शेजारच्या ठमाबाईंना आता निम्मा पगार द्यावा लागायचा. म्हणजे काम दुप्पट आणि हातात पैसे निम्मे. हा कुठला न्याय, तुम्हीच सांगा!

शेवटी पदर खोचून ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, काम मुख्याचं करते, तर पगारही मुख्याचा मिळावा."

बहिर्जीराजे मनाचे वाईट नव्हते. पण शिरपतबाबांचा पगार तिजोरीतच राहतोय, या आनंदात ते होते, आणि असा आनंद सहजासहजी सोडवतो होय कुणाला?

"अगं भिवरे, शिरपत येईलच की परत! तू चार दिवसांची. मदतनिसाला मुख्याचा पगार मी देणार नाही. हा माझा शब्द!"

"मग मी नक्की कोण, महाराज? मुख्य की मदतनीस?"

"कामापुरती मुख्य, पगारापुरती मदतनीस!" राजे खो खो हसले. दरबारही हसला, राजा हसल्यावर न हसून करतो काय? राजे मिशीला पीळ देत म्हणाले, "आणि ऐक, माझा शब्द न मोडता मुख्याचा पगार मिळवून दाखव. दाखवलास तर बक्षीसही देईन!"

भिवरा मुजरा करून गेली. दारातून बाहेर पडताना मात्र ती गालातल्या गालात हसत होती.

दुसऱ्या दिवशी राजांकडे व्याही जेवायला आले. भलीमोठी पंगत बसली. पुरणाचे मांडे, भरली वांगी, अळूचं फदफदं, केशरी भात! वासानंच पोटात कावळे ओरडायला लागले. सगळे राजांकडे बघताहेत, आणि राजे भिवराकडे. ती आपली हात जोडून खांबापाशी उभी.

"अगं, खा की पहिला घास!"

"मी? छे छे महाराज! मदतनिसानं राजाच्या ताटाला हात लावायचा? पाप लागेल मला!"

"काल तर लावलास!"

"काल सकाळी मला ठाऊक नव्हतं मी कोण आहे ते. दुपारी तुम्हीच सांगितलंत."

व्याही खुसखुसले. राजांचे कान लाल झाले. "बरं बाई, तू मुख्य! झालं समाधान? खा आता!"

"आणि पगार?"

"पगार मदतनिसाचाच! शब्द आहे माझा!"

तेवढ्यात म्हातारे दिवाण खोकले. हे खोकले की काहीतरी अडचण निघणार, हे सगळ्या राज्याला माहीत होतं. "महाराज, आपल्या पणजोबांचा दंडक आहे. ज्याला मुख्याचा पुरा पगार मिळतो, त्यानंच पहिला घास खायचा. पोटभर पगार नसलेला माणूस शत्रूच्या थैलीला भुलतो, म्हणून!"

"भुलतो कसला, महाराज," भिवरा गरीब तोंड करून म्हणाली, "माझ्या पगारात मला विकत घ्यायला थैलीसुद्धा लागायची नाही. चिमूटभर नाणी पुरतील!"

व्याह्यांनी ताटाजवळचा हात झटकन मागे घेतला. "व्याहीबुवा, तुमचा जीव इतक्या स्वस्तात सांभाळता? आमच्या मांजराच्या दुधाला याहून जास्त खर्च येतो हो!"

राजांनी आशेनं दिवाणांकडे पाहिलं. "दिवाणजी, तुम्हीच खा ना."

"मला दिवाणीचा पगार आहे, महाराज. घासाचा नाही!" म्हणत दिवाण पाटासकट मागे सरकले.

आली का पंचाईत! शब्द मोडावा तर व्याह्यांपुढे नाक कापलं जाणार. पाळावा तर जेवण नाही. पाहुण्यांनाही राजाआधी जेवता येईना. मांडे गार व्हायला लागले. आणि त्या शांततेत राजांचं पोट असं गुरगुरलं, की दारातला पहारेकरी भाला सावरून आत डोकावला!

"भिवरे," राजे काकुळतीला आले, "माझा शब्दही राहू दे आणि माझं पोटही भरू दे. काढ काहीतरी तोड!"

"तोड सोपी आहे, महाराज. शब्द मुळीच मोडू नका. मदतनिसाला मुख्याचा पगार देऊच नका!"

"मग?"

"शिरपतबाबा येईपर्यंत मला मुख्य नेमा, कामालाही आणि पगारालाही. त्यांचा पगार तिजोरीत पडूनच आहे, तोच द्या. मदतनिसाची जागा रिकामी झाली, तिथे माझ्या जुन्या पगारात दुसरी बाई घ्या. मदतनिसाला मदतनिसाचा पगार, मुख्याला मुख्याचा. तुमचा शब्द जिथल्या तिथे!"

"आणि शिरपत आल्यावर?"

"मी पुन्हा मदतनीस. मग मागितला मुख्याचा पगार, तर खुशाल हाकलून द्या मला!"

राजे बोटांवर हिशेब करू लागले. मग पोट धरून असे हसले, असे हसले की डोक्यावरची पगडी केशरी भातात पडली!

"नेमली! दिवाणजी, शिरपत गेला त्या दिवसापासूनचा पगार मोजा! आता तरी खा गं माझे आई!"

भिवरा ऐटीत पुढे झाली. तिनं महाराजांच्या ताटातलं सगळं थोडं थोडं चाखलं. पंगत श्वास रोखून बघत होती. आमटीपाशी आल्यावर तिनं तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" राजे घाबरून ओरडले. "विष?"

"विष नाही, महाराज, मीठ कमी आहे. काय करणार? सकाळी ही आमटी मदतनिसानं केली होती ना!"

राजांना पुन्हा हसू आवरेना. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि तिच्या ओंजळीत टाकलं. "हे घे बक्षीस, आणि जा, मीठ घेऊन ये लवकर!"