हिमोग्लोबिन साडेतेरा

"मग चुकलं कुठे, सर? हिमोग्लोबिन तर साडेतेरा होतं, अगदी नॉर्मल."

निषादने पुन्हा तेच विचारलं. कोकणातल्या त्या सरकारी दवाखान्यात तो नवा डॉक्टर. रिपोर्ट वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असा त्याचा समज, आणि तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा. सकाळी बाबली मेस्त्रींना त्याने रिपोर्ट बघून घरी पाठवलं. दुपारी ते रक्ताच्या उलट्या करत परत आले आणि तासाभरात गेले.

पडवळ सर त्याचे वरिष्ठ. मघापासून खिडकीपाशी उभे होते.

"शौचाला काळं होत होतं?"

"होय. पण लोहाच्या गोळ्या चालू होत्या. वाटलं, त्यांचाच रंग."

"रक्तातला युरिया?"

"वाढलेला होता... सुतारकाम, दिवसभर उन्हात. पाणी कमी पडलं असेल, म्हटलं."

"पोटात सांडलेलं रक्तही पचतं, निषाद. त्याचा युरिया होतो."

निषादचे कान तापले. परीक्षेत हेच उत्तर त्याने झोकात लिहिलं होतं.

"पण हिमोग्लोबिन, सर..."

सरांनी टेबलावरचा कोकम सरबताचा पेला उचलला, अर्धा बेसिनमध्ये ओतला आणि उरलेला त्याच्यापुढे धरला.

"रंग फिका झाला?"

"नाही."

"आणि सरबत?"

"अर्धं."

निषादने रिपोर्ट पुन्हा समोर ओढला. रक्त वाहून गेलं तरी उरलेलं तितकंच दाट असतं. अंगातलं पाणी त्यात उतरायला वेळ लागतो, मग कुठे आकडा घसरतो. हेही तो शिकला होता. शिकलेलं सगळं जागच्या जागी होतं आणि माणूस तेवढा गेला होता. त्याला स्वतःची किळस आली.

"नाडी पाहिलीस?"

"...नाही."

"बायको बरोबर होती ना?"

"होती. काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, रिपोर्ट आलाय, आता तुम्ही काही सांगायची गरज नाही."

बाहेरच्या बाकावर ती बसली होती. रडत नव्हती. नवऱ्याच्या चपला पिशवीत भरत होती, पुन्हा काढत होती.

"त्यांना काय सांगू, सर?"

सरांनी पेला टेबलावर ठेवला.

"काही सांगू नकोस. सकाळी त्या काय सांगत होत्या, ते ऐकून ये."